जलदुर्ग पाहून आल्यावर



शाळांच्या परीक्षा आटोपल्या आणि आंब्याच्या पेट्या मंडईत येऊ लागल्या, की पुणेकरांचे दोन पंथ पडतात. ज्यांचा पाय घरातून निघत नाही ते संध्याकाळी व्याख्यानाला येऊन बसतात. ज्यांचा पाय घरात ठरत नाही ते घाट उतरून कोकणात जातात. आम्ही दोन्ही पंथांचे अनुयायी. त्यामुळे गेल्या काही वर्षांतल्या सुट्ट्या समुद्रातले किल्ले पाहण्यात घालवल्या, आणि आज त्याच विषयावर बोलण्यासाठी आपल्यासमोर उभे आहोत. जंजिरा पाहिला, खांदेरी आणि कुलाबा पाहिले. सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग पाहिले. होडीत बसावे, तटाखाली उतरावे, बुरुजावर चढून वारा खावा, तोफेवर मुलांना बसवून छायाचित्र काढावे आणि भरती येण्याच्या आत परतावे, हा आमचाही क्रम होता. त्यात काही गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. सुट्टी ही शेवटी सुट्टीच.

पण विजयदुर्गावर एक लहानसा प्रसंग घडला, आणि आजचे व्याख्यान त्यातून निघाले आहे. गावातलेच एक वृद्ध गृहस्थ आम्हांस किल्ला दाखवीत होते. तिहेरी तट दाखवून झाला, वाघोटन खाडीचे मुख दाखवून झाले. मग ते म्हणाले, “इथेच खाली आंग्र्यांचे आरमार जळाले. सतराशे छप्पन साल. किल्ला इंग्रजांनी घेतला.” आमच्याबरोबर एक शाळकरी मुलगी होती. तिने विचारले, “पण काका, तेव्हा आपली फौज कुठे होती?” आमचे एक स्नेही इतिहासाचे प्रेमी; त्यांनी घाईने उत्तर दिले, “अगं, ती तेव्हा तिकडे अटकेपार गेली होती.” म्हाताऱ्या गृहस्थांनी खाली पाहत हळूच दुरुस्ती केली. “नाही साहेब. अटक दोन वर्षांनंतर. पुण्याची फौज इथेच होती. किल्ल्याच्या बाहेर. इंग्रजांच्या बाजूने.”

कोणी काही बोलले नाही. मुलगी आमच्याकडे पाहत राहिली. त्या मुलीला काय उत्तर द्यावयाचे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. मात्र त्या उत्तराकडे थेट जाता येत नाही. जलदुर्ग म्हणजे काय आणि तो कशाच्या बळावर उभा असतो, हे आधी समजून घ्यावे लागते.

आपण पुण्याची माणसे डोंगरी किल्ल्यांत वाढलेली. रविवारी सिंहगड, पावसाळ्यात राजगड किंवा तोरणा. डोंगरी किल्ल्याचे बळ डोळ्यांना दिसते: कडा उभा आहे, वाट अरुंद आहे, वरून एक दगड लोटला तर खाली दहा माणसे लोळतील. समुद्रातला किल्ला पाहतानाही आपण तीच नजर घेऊन जातो. तट किती उंच, भिंत किती रुंद, तोफा किती, एवढे मोजतो आणि समाधानाने परततो. पण समुद्र हा काही कडा नव्हे. कड्यावरून शत्रू येऊ शकत नाही. समुद्रावरून तो सगळ्या बाजूंनी येऊ शकतो. ज्या पाण्याने किल्ल्याला वेढले आहे तेच पाणी शत्रूची जहाजे वाहून आणते. पाणी हा खंदक खरा, पण तो ज्याची जहाजे त्याच्या मालकीचा असतो.

शिवाय बेटावर काय पिकते? ना धान्य, ना सरपण, ना दारूगोळा. सारे किनाऱ्यावरून यावयाचे. म्हणून जलदुर्ग पाहताना तीन गोष्टी विचाराव्यात असे आम्हांस वाटते. पहिली, गोड्या पाण्याची सोय काय? दुसरी, रसद कोण पुरवणार? आणि तिसरी, भोवतालच्या समुद्रावर जहाजे कोणाची? या तिन्हींचे उत्तर मिळाले तर दगडी भिंत भिंत राहते. एकाचे जरी मिळाले नाही, तरी तीच भिंत तुरुंगाची होते.

हे आपल्याकडेच खरे आहे असे नाही. भूमध्य समुद्रात माल्टा नावाचे एक लहान बेट आहे. युरोपातले लोक सुट्टीत तेथे किल्ले पाहावयास जातात, आपण मालवणला जातो तसेच. ऱ्होड्‌स बेटावरून तुर्कांनी हुसकावून लावलेल्या सेंट जॉनच्या सरदारांना १५३० साली हे बेट मिळाले. १५६५ साली तुर्कांनी प्रचंड आरमार घेऊन त्याला वेढा घातला. सेंट एल्मोचा छोटा किल्ला महिनाभर झुंजून पडला, पण बाकीचे टिकले. आणि सप्टेंबरात सिसिलीहून मदतीची फौज उतरल्यावर तुर्क परत गेले. त्यानंतर सरदारांनी व्हॅलेटा हे नवे तटबंदीचे शहर वसवले. जगातल्या अत्यंत भक्कम तटांत त्याची गणना होऊ लागली. पुढे काय झाले? १७९८ च्या जूनमध्ये नेपोलियन आला आणि ते भक्कम शहर त्याने काही दिवसांत घेतले. सरदारांत एकी उरली नव्हती, बेटावरील प्रजा त्यांना विटली होती, आणि बाहेरून धावून येणारे कोणी नव्हते. मग प्रजा फ्रेंचांवरही उलटली आणि समुद्र इंग्रजांनी अडवला. त्याच अभेद्य तटाआड फ्रेंच शिबंदी दोन वर्षे उपाशी राहून १८०० साली शरण आली. दुसऱ्या महायुद्धातही तेच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये तेलाने भरलेले ‘ओहायो’ नावाचे एक मोडकळीस आलेले जहाज कसेबसे बंदरात ओढून आणले, म्हणून माल्टा वाचले. भिंती प्रत्येक वेळी होत्या. निकाल लावला तो जहाजांनी, धान्याने आणि माणसांच्या मनाने.

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १६५७ साली कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या हाती आली, आणि सह्याद्रीतल्या एका राजाच्या पायाशी प्रथम समुद्राचे पाणी लागले. त्या काळच्या हिंदुस्थानात मोठी मोठी राज्ये होती. पण समुद्र हा फिरंग्यांचा आणि व्यापाऱ्यांचा, अशी त्यांची समजूत. मक्केला जाणारे जहाज सुखरूप जावे म्हणून ती पोर्तुगिजांचे परवाने घेत. महाराजांनी कल्याणच्या खाडीत स्वतःची जहाजे बांधावयास घेतली. आधी जहाजे आणि मग जलदुर्ग, हा क्रम आपण लक्षात ठेवावा. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १६६५ च्या फेब्रुवारीत, महाराज स्वतः मालवणहून जहाजात बसून कानडी मुलखातल्या बसरूरवर गेले. किल्ला पुरा होण्यास अजून दोन-अडीच वर्षे होती. भिंत उठत होती आणि आरमार कामाला लागले होते.

सिंधुदुर्ग पाहताना होडी सरळ जात नाही. ती खडकांमधून वळणे घेत जाते. हे पाण्याखालचे खडक हाच किल्ल्याचा पहिला तट. ज्याला वाटा ठाऊक त्यालाच ते जाऊ देतात, आणि वाटा ठाऊक असतात त्या गावच्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, गाबितांना. महाद्वार असे वळणात लपवले आहे की जवळ जाईपर्यंत ध्यानात येत नाही. आत गेल्यावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन विहिरी. सभोवार खारे पाणी आणि मध्ये गोडे! आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते. पद्मगड, राजकोट, सर्जेकोट ही जवळपासची लहान ठाणी म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर. कारण एकटा किल्ला बेटावर सोडून द्यावयाचा नाही, किनाऱ्याशी त्याचा हात धरून ठेवावयाचा, हे धोरण त्यांत स्पष्ट दिसते.

आता जंजिरा. मुरुडजवळच्या राजपुरीहून शिडाच्या होडीने आपण तेथे जातो, आणि प्रत्येक मराठी माणसाच्या मनात एक सल घेऊन परत येतो. हा किल्ला महाराजांना मिळाला नाही, संभाजी महाराजांना मिळाला नाही, पहिल्या बाजीरावालाही मिळाला नाही. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले तेव्हा कोठे तो आपला झाला. लोक म्हणतात, भिंतच तशी होती. आम्ही म्हणतो, भिंत चांगली होती, पण कारण भिंत नव्हे. मुळात तेथे रामा पाटील नावाच्या कोळी नायकाचा लाकडी मेढेकोट होता. १६७० च्या सुमारास सिद्दी फत्तेखान वेढ्याला इतका टेकीस आला होता की किल्ला देण्याची बोलणी त्याने चालवली होती. भिंत तीच होती! पण त्याच्या हाताखालच्या सिद्द्यांनी त्यालाच कैद केले आणि ते औरंगजेबाच्या पदरी गेले. त्या दिवसापासून सिद्दी एकटा राहिला नाही. त्याला सुरतेहून पैसा येई, मोगलांची जहाजे येत, आणि पावसाळ्यात त्याचे आरमार मुंबईच्या बंदरात इंग्रजांच्या आश्रयाला राही. आमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्याच्यापाशी होती.

महाराजांना हे उमगले होते, याचा पुरावा समोरच पाण्यात उभा आहे. जंजिऱ्याच्या वायव्येस कांसा नावाच्या खडकावर त्यांनी पद्मदुर्ग बांधला, म्हणजे सिद्दीच्या उरावर दुसरा जंजिराच उभा केला. त्या बांधकामाच्या वेळचे, १६७५ च्या जानेवारीतले, त्यांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमाराच्या दर्यासारंग आणि दौलतखान या सरदारांना द्यावयाचा पैसा आणि धान्य वेळेवर पोचवले नाही. त्यावर महाराजांनी जे लिहिले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. आरमार रसदेवाचून खोळंबले, तर सिद्दीला मदत करणारा तूच. त्याने काही देऊन तुला आपला चाकर केले असावे. ब्राह्मण म्हणून गय होईल अशा भ्रमात राहू नकोस, असा त्या पत्राचा आशय आहे. तटबंदीवरील शौर्याचे वर्णन आपण शाळेत शिकतो. पण कचेरीत बसून धान्याची एक खेप चुकवणारा कारकून हा शत्रूचा तोफखानाच होय, हे त्या राजाला कळले होते. १६७६ साली मोरोपंतांच्या वेळी लाय पाटील नावाच्या कोळ्याने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या. वर चढावयाची माणसे मात्र वेळेवर पोचली नाहीत. शिड्या काढून घ्याव्या लागल्या. धाडस कमी पडले नाही. धाडसाला जोड मिळाली नाही.

याच्या उलट चित्र खांदेरीस दिसते. मुंबई बंदराच्या तोंडावरील या ओसाड बेटावर १६७९ च्या पावसाळ्याअखेर मराठ्यांनी बांधकाम सुरू केले. मायनाक भंडारी यांच्या देखरेखीखाली काम चाले. इंग्रज खवळले. त्यांनी ‘रिव्हेंज’सारखे मोठे लढाऊ जहाज आणले आणि १८ ऑक्टोबर रोजी समुद्रात लढाई झाली. इंग्रजांच्या तोफा मोठ्या. आपल्या होड्या लहान, पण वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा पडला की मोठे जहाज जागच्या जागी डुलत राही आणि आपल्या होड्या रात्री उथळ पाण्यातून दगड, चुना, धान्य आणि माणसे पोचवून येत. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे जहाज मराठ्यांनी पकडून नेले. खांदेरीची भिंत तेव्हा धड कमरेएवढीही नसेल, तरी ती पडली नाही. कारण होड्या चालू होत्या. अखेर इंग्रजांनी तडजोड केली.

१७२१ साल घ्या. कान्होजी आंग्र्यांचा कुलाबा घेण्यासाठी इंग्रज आणि पोर्तुगीज एक झाले. बरोबर मॅथ्यूज हा इंग्लंडच्या राजाचा आरमारी अधिकारी. अलिबागच्या वाळूत ते उतरले. इतक्यात घाट उतरून मराठी घोडदळ आले, आणि त्याचे नेतृत्व करीत होता आपल्या सर्वांचा आवडता एकवीस वर्षांचा पेशवा, पहिला बाजीराव. पोर्तुगिजांनी निमूट वेगळा तह केला आणि इंग्रज हात हलवीत मुंबईस गेले. समुद्रावर आंग्रे आणि जमिनीवर पेशवा! ही जोडी होती तोवर किनाऱ्यावरचा एकही महत्त्वाचा किल्ला इंग्रजांना घेता आला नाही. १७१८ साली खांदेरीवर आणि १७२० साली विजयदुर्गावर त्यांनी प्रयत्न करून पाहिले होते. दोन्हीकडे ते अपेशी ठरले.

मग अवघ्या पस्तीस वर्षांत असे काय झाले?

१७२९ साली कान्होजी वारले. वडील मुलगा सेखोजी चार वर्षांत गेला आणि भाऊबंदकी सुरू झाली. संभाजी आणि मानाजी या भावांचा तंटा १७३५ साली बाजीरावाने वाटणी करून मिटवला. मानाजीस कुलाबा आणि संभाजीस सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग. भांडण मिटले हे खरे, पण एका आरमाराची दोन आरमारे झाली. संभाजीमागून तुळाजी आला. तो शूर होता, समुद्रावर त्याचा धाक होता. सिद्दीचे अंजनवेल त्याने जिंकले, इंग्रजांचे ‘रिस्टोरेशन’ हे लढाऊ जहाज १७४९ मध्ये धरून आणले. परंतु तो कोणाचेच ऐकेना. पेशव्याचे वर्चस्व मानीना, पेशव्यांच्या मुलखाला उपद्रव देई, सावंत आणि प्रतिनिधी यांच्याशीही त्याचे वैर. छत्रपती शाहू १७४९ साली निवर्तले तेव्हा त्याला आवरणारा शेवटचा हातही गेला.

नानासाहेब पेशव्यांची बाजू आपण न्यायाने ऐकली पाहिजे. राज्यातला एक सरदार राज्याचाच हुकूम मानीत नसेल, तर धन्याने काय करावे? त्याला वठणीवर आणावे, यात वाद नाही. घाटावरची फौज पेशव्यांपाशी होती. समुद्रावर तुळाजीशी तोड देईल असे आरमार नव्हते. ते मुंबईच्या इंग्रजांपाशी होते. म्हणून १७५५ च्या मार्चमध्ये इंग्रजांशी करार झाला. आरमार त्यांचे, जमिनीवरची फौज आपली. आणि मोबदला म्हणून बाणकोटचा हिंमतगड आणि काही गावे त्यांना द्यावयाची.

येथे थोडे थांबावे असे आम्हांस वाटते. या कराराच्या बरोबर चाळीस वर्षे आधी, १७१५ च्या सुमारास, रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्र’ लिहून ठेवले होते. त्यात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे. टोपीकरांविषयी तर अगदी स्पष्ट सूचना आहे. हे लोक इतर सावकारांसारखे नुसते सावकार नव्हेत. यांच्यामागे यांचे राजे आहेत. त्यांनी वखारीसाठी जागा मागितली तर समुद्राच्या काठी, खाडीच्या तोंडाशी देऊ नये. द्यावीच लागली तर आत, दूर द्यावी. कारण आरमार आणि दारूगोळा हेच त्यांचे बळ. आता बाणकोट कोठे आहे? सावित्री नदीच्या खाडीच्या थेट मुखावर. जे देऊ नये म्हणून लिहून ठेवले होते, तेच आपण लेखी करार करून दिले.

एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सने हर्णैचा सुवर्णदुर्ग समुद्राकडून फोडला. किनाऱ्यावर रामाजी महादेव बिवलकरांची फौज होती. आज तेथे गेलात तर दरवाजाच्या पायरीवर कोरलेले कासव आणि भिंतीवरचा मारुती दाखवतात. समोर किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा हे तीन कोट दिसतात. जलदुर्गाचा आधार म्हणून तिन्ही कोट उपयोगी खरे. पण किनाराच शत्रूच्या मित्राकडे गेल्यावर ते काय करणार?

पुढच्या वर्षी विजयदुर्गाची पाळी आली. या वेळी इंग्लंडच्या राजाचे आरमार घेऊन ॲडमिरल वॉटसन आला होता आणि जमिनीवरील सैन्य रॉबर्ट क्लाइव्हकडे होते. तुळाजी बोलणी करण्यास पेशव्यांच्या छावणीत गेला होता. इंग्रजांना भीती पडली की किल्ला मराठ्यांच्या हाती जाईल. म्हणून १२ फेब्रुवारी १७५६ रोजी त्यांनी तोफा सुरू केल्या. एक गोळा धरून आणलेल्या ‘रिस्टोरेशन’वर पडला, ते पेटले, आणि दाटीने नांगरलेली गुराबा, गलबते एकामागून एक पेटत गेली. कान्होजींच्या काळापासून जमवलेले आरमार काही तासांत राख झाले. त्याच रात्री क्लाइव्ह आपली माणसे घेऊन उतरला तो तुळाजीची वाट अडवण्यासाठी नव्हे. किल्ला आणि मराठी फौज यांच्या मध्ये उभे राहण्यासाठी. १३ तारखेस किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला. आतली लूट त्यांनी आपसांत वाटून घेतली. दोस्ताला वाटा मिळाला नाही, इतकेच नव्हे तर किल्लाही मिळाला नाही. तो परत मिळवण्यासाठी १७५६ च्या ऑक्टोबरात आपल्या या पुण्यातच पुन्हा तह करावा लागला. तुळाजी आपल्या हाती राहिला, आणि उरलेले आयुष्य त्याने कैदेत काढले.

आपण म्हणाल, किल्ला तर मिळाला, बंडखोरही वठणीवर आला. होय. पण जहाजे? ती कोठून परत येणार? शिवाय ते वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गाहून कोठे गेले, तेही पाहा. ते मद्रासेस गेले आणि त्याच वर्षअखेर बंगालच्या उपसागरातून वर सरकले. जानेवारी १७५७ मध्ये त्यांनी कलकत्ता परत घेतले आणि २३ जून १७५७ रोजी प्लासी झाली. विजयदुर्ग घेतला नसता तर प्लासी झालीच नसती, असे आम्ही म्हणणार नाही. इतिहासात असे जर-तर सिद्ध करता येत नाहीत. परंतु ज्या हातांनी बंगाल घेतला, त्या हातांनी त्याआधी वर्ष-दीड वर्ष आमच्याच आमंत्रणावरून आमचे आरमार जाळले होते, ही वस्तुस्थिती आहे.

पेशव्यांनी पुढे विजयदुर्गास स्वतःचे आरमार उभारले. आनंदराव धुळपांनी १७८३ साली रत्नागिरीच्या समुद्रात इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज झुंज देऊन पकडले. म्हणजे दर्यावर्दी माणसे संपली नव्हती, पराक्रम आटला नव्हता. पण किनाऱ्यावर परक्यांना दरारा वाटावा असे एकछत्री आरमार पुन्हा झाले नाही. १८१२ साली करवीरकरांना सिंधुदुर्ग इंग्रजांस द्यावा लागला. १८१८ मध्ये विजयदुर्ग गेला. १८४० मध्ये कुलाब्याचे आंग्रे घराण्याचे राज्यही खालसा झाले. भिंती मात्र सगळीकडे शाबूत होत्या. त्या आजही आहेत.

श्रोतेहो, हे सांगण्यात पूर्वजांची निंदा करण्याचा आमचा हेतू नाही. नानासाहेबांच्या अडचणी खऱ्या होत्या, तुळाजीचे अपराधही खरे होते. घरातला भाऊ उद्दाम झाला तर त्याला शासन करावे लागते. पण त्याला शासन करताना घराचा दरवाजाच उखडून शेजाऱ्याच्या स्वाधीन करावयाचा नसतो, एवढाच धडा आम्ही त्या तटाखाली उभे राहून शिकलो. आणि हा धडा पुण्यात सांगणे विशेष अगत्याचे, कारण तो निर्णय याच शहरात झाला होता. जिंजीच्या, अटकेच्या, वसईच्या विजयात आपण हक्काने वाटा मागतो. मग विजयदुर्गाच्या आगीतला आपला वाटा नाकारून कसे चालेल?

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यात खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार समुद्राकाठचे. आता तेथे जगाच्या पाठीवरून माणसे येतील आणि प्रश्न विचारतील. उत्तरे आधी आपल्यापाशी असावीत. म्हणून यंदा कोकणात जाणार असाल, तर तोफेवर मुलांना अवश्य बसवा. पण नंतर त्यांना विहिरीवर न्या आणि आतले पाणी दाखवा. धान्याचे कोठार कोठे होते ते विचारा. बुरुजावर उभे राहून समुद्राकडे बोट करा आणि सांगा, की या किल्ल्याचा खरा तट तेथे होता, पाण्यावर. होडी चालवणाऱ्याशी बोला. त्याच्या आज्या-पणज्यांनी ही जहाजे वल्हवली होती, आणि आपल्या पोथ्यांत नसलेले पुष्कळसे त्याच्या बोलण्यात सापडते. विजयदुर्गावर आमची चूक सुधारली तीही एका गावकऱ्यानेच.

त्या मुलीला आम्ही उत्तर दिले, पण लगेच नव्हे. परतीच्या वाटेवर घाट चढताना दिले. आम्ही म्हणालो, “बाळ, आपली फौज तेथेच होती. ती चुकीच्या बाजूला उभी होती.” तिने बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, “मग हे आमच्या पुस्तकात का नाही?” याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. म्हणून हे व्याख्यान दिले.